रिकामा काटा

आत्या रविवारी जेवायला आल्या की घरात कुणाचा तरी निकाल लागायचा. मागे थोरल्याच्या फिरतीचा लागला, त्याआधी कारखान्याच्या मागच्या भिंतीचा. या रविवारी नंबर धाकट्या सुनेचा, म्हणजे चिमटीचा होता, आणि निकाल ऐकायला ती जेवणाच्या टेबलाशी नव्हती. ती बाथरूमच्या फरशीवर गाल टेकून आडवी पडली होती. अख्ख्या घरात तेवढी एकच जागा अशी उरली होती जिला कसलाही वास नव्हता.

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"वजन काय म्हणतंय तिचं?" आत्यांनी विचारलं.

"बावन्न," सासूबाई म्हणाल्या. "आज सकाळी मी स्वतः उभी केली तिला काट्यावर. परवा बावन्न, आजही बावन्न. डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, पन्नासच्या खाली गेलं की थांबायचं नाही, सरळ दवाखान्यात आणून दाखल करायचं. आता बावन्न काही पन्नासच्या खाली नाही."

"छे, बावन्न वरच की," आत्या म्हणाल्या.

आत्यांनी उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजात काढला होता. दोन्ही टोकांचं नीट ऐकायचं, जोडून द्यायचं आणि आपण मध्ये नाहीच असं दाखवायचं, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नव्हती. जो शेवटी बोलेल त्याची त्या री ओढत. त्यामुळे या घरात प्रत्येकाची धडपड शेवटी बोलण्याची असे.

गर्भारपणात उलट्या होतातच. हे वाक्य चिमटीनं इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की आता त्या वाक्यानंच पोटात ढवळायला लागे. होतातच, मान्य आहे. सकाळी उठल्यावर मळमळतं, एखादी उलटी होते, कोरडं बिस्किट चघळलं की बाई कामाला लागते. चिमटीचं तसं नव्हतं. तिला चमचाभर पाणी पचत नव्हतं. बर्फाचा खडा जिभेवर ठेवला तर तो विरघळायच्या आत परत यायचा. पोटात काही नसलं की पिवळं कडू पित्त पडायचं, तेही संपलं की नुसतेच उमाळे, आणि बरगड्या अशा दुखायच्या की जणू कुणी लाथा घातल्यात. तोंडात सारखं पाणी सुटायचं, ते गिळलं तरी उलटी, म्हणून उशाशी थुंकायला डबा. नवऱ्याच्या साबणाचा वास, खालून कारखान्यातून येणारा तेलाचा वास, धुतलेल्या चादरींचा वास, सगळे वास तिच्यावर चालून येत. काल रात्रीपासून लघवीलाही झाली नव्हती. सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, पाणी पी म्हणजे होईल. आता या उत्तरावर माणसानं काय बोलावं.

डॉक्टरीणबाईंची मात्र चूक नव्हती. पहिल्यांदा त्यांनीच तपासलं, पंचावन्न वजन लिहून घेतलं, गोळ्या दिल्या. पुढच्या वेळी गाडीत बसल्या बसल्या चिमटीची अशी अवस्था झाली की कोपऱ्यावरून परत आणावी लागली. मग सगळं फोनवर चाललं. "रोज वजन बघा आणि मला कळवा," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या होत्या. "तुम्ही तर काटेवाले. तुमच्या घरच्या काट्यावर माझा माझ्या काट्यापेक्षा जास्त विश्वास आहे."

खरंच होतं ते. तीन पिढ्या या घरानं वजनकाटे बनवले. खाली कारखाना, वर घर. सोनाराच्या नाजूक ताजव्यापासून गोदामातल्या पोती तोलायच्या लोखंडी काट्यापर्यंत सगळं खालच्या मजल्यावर तयार व्हायचं. लग्न होऊन आल्यावर चिमटी तपासणीच्या टेबलावर बसायला लागली. तांदळाच्या दाण्याएवढी पितळी वजनं कधी बोटानं उचलायची नाहीत, बोटाच्या घामानंही ती जड होतात, म्हणून चिमट्यानं उचलायची. ही मुलगी कामाबाहेरही चिमटा हातातून सोडेना, तेव्हा आत्यांनीच हे नाव पाडलं. चार महिन्यांत दादा, म्हणजे तिचे सासरे, तिनं पास केलेला काटा पुन्हा बघेनासे झाले. आणि दादांचा स्वभाव असा की स्वतःच्या बापानं पास केलेला काटाही ते पुन्हा बघत.

"काटा काय म्हणतो तेच खरं," बाहेर दादा म्हणाले. कुठल्याही वादात त्यांचं हे ठरलेलं होतं.

"पण दादा, तिच्या बोटातली अंगठी गळून पडते," धाकटा म्हणाला. धाकटा म्हणजे चिमटीचा नवरा. माणूस सोन्यासारखा, पण आईसमोर त्याचा आवाज नेहमी अर्ध्यावर यायचा.

"हवा कोरडी आहे. माझीही सैल झालीय," सासूबाई म्हणाल्या. "हे बघ, मी सांगू का? पडून राहिलं की मन खातं आणि मन खाल्लं की पोट ढवळतं. उद्यापासून उठवायची, अंघोळ घालायची आणि तासभर खाली टेबलावर बसवायची. कामात जीव रमला की विसरेल. दवाखान्यात नेऊन सुया टोचून काय होणार आहे?"

"कामात विसरतं माणूस," आत्या म्हणाल्या.

"आणि घरात जरा कांदा परतायची परवानगी मिळेल," दादा म्हणाले. "इतके आठवडे झाले, उकडलेला बटाटा आणि उकडलेली भाजी. हिला वास सहन होत नाही म्हणून तेल नाही, लसूण नाही, तळण नाही. मी काही तक्रार करत नाही."

"तक्रारच करताय," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही बोला ना," धाकटा थोरल्या जावेला म्हणाला. थोरला गावाला गेला होता, म्हणून त्याच्या वाटची खुर्चीही थोरलीच सांभाळत होती.

थोरलीनं ताटात चमचा फिरवल्याचा आवाज आला. "मी काय बोलू? मीही दोन बाळंतपणं काढली या घरात. मला कुणी दवाखान्यात नेलं नाही."

फरशीवर पडल्या पडल्या चिमटीनं डोळे मिटले. हे वाक्य तिला बाकी सगळ्यांपेक्षा लागलं. सासूबाईंचं ती समजू शकत होती, त्यांचा काळ वेगळा. पण थोरली तिच्याहून थोडीच मोठी. चिमटी लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनंच तिला घरातल्या खाचाखोचा शिकवल्या होत्या, आणि चिमटीला दिवस गेल्याचं कळल्यापासून थोरलीच सगळ्यांत तुटक वागत होती. चिमटीला रडायला आलं, पण डोळ्यांत पाणीही पुरतं येईना. आणि याच वेळी तिच्या मनात, पहिल्यांदाच, वाईट वाटण्याऐवजी राग आला. मी नाटक करत नाही, ती स्वतःशीच म्हणाली. मला माझं शरीर कळतं. बावन्न असू दे नाही तर बासष्ट, मी संपत चाललेय आणि हे टेबलावर मतं मोजतायत.

तिनं डोळे उघडले. समोर, अगदी नाकाच्या रेषेत, बाथरूममधला माणसांचा काटा होता. दादांच्या वडिलांनी बनवलेला, पांढऱ्या मुलाम्याचा, समोर काचेची खिडकी आणि आत लाल सुई. रोज सकाळी ती यावर उभी राहायची तेव्हा वरून बघायची, सासूबाई वाकून आकडा वाचायच्या आणि तिला खाली उतरवायच्या. काट्याकडे फरशीवरून, असं डोळ्याला डोळा लावून, तिनं कधी पाहिलं नव्हतं. बघायचं कारणही नव्हतं.

काट्यावर कुणी नव्हतं. सुई चारावर होती.

चिमटीनं डोळे चोळले. पुन्हा पाहिलं. सुई चारावरच.

खाली कारखान्यात पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट म्हणजे आधी रिकामा काटा बघायचा. तो शून्यावर असेल तरच वर काही ठेवायचं. ही रीत त्या घरात इतकी मुरलेली होती की भाजीवाल्याकडेही चिमटी आधी रिकामं पारडं बघे आणि भाजीवाला चिडे. आणि घरात, बाथरूममध्ये, स्वतःच्या जिवाचं माप घेताना मात्र तिनं किंवा कुणीच रिकामा काटा पाहिला नव्हता. घरचा काटा कोण तपासतो.

बावन्नातून चार गेले की अठ्ठेचाळीस.

ती उठली. उठली म्हणजे आधी गुडघ्यावर आली, मग बेसिनला धरून उभी राहिली, मग डोळ्यांपुढे अंधारी आली ती जाईपर्यंत थांबली. काटा जड होता. तिनं तो दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून उचलला आणि भिंतीला खांदा घासत जेवणाच्या खोलीत आली. तिचे केस चिकटलेले, ओठ फुटलेले, गाऊनवर सकाळचे डाग. आत्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"अगं, ते काय उचलून आणलंयस," सासूबाई म्हणाल्या. "ठेव खाली. पडशील."

चिमटीनं भाजीचं भांडं कोपरानं बाजूला सारलं आणि काटा टेबलाच्या मधोमध, ताटांच्या मध्ये ठेवला.

"दादा," ती म्हणाली. घसा सोलवटला होता, आवाज खरखरत आला. "रिकामा काटा किती दाखवतो ते वाचा."

दादांनी चष्मा वर केला. त्यांनी वाकून पाहिलं, मग टेबलाला हात लावून टेबल सपाट आहे का पाहिलं, मग पुन्हा वाकले. आयुष्यभराच्या धंद्यामुळे त्यांना खोटं वाचता येईना.

"चार," ते म्हणाले.

"मग माझं वजन किती?"

आत्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. शेवटी कोण बोलणार ते त्यांना कळेना.

"उचलून आणताना हलला असेल," सासूबाई म्हणाल्या.

"हा काटा हलल्यानं चार किलो चुकत नाही, आई," चिमटी म्हणाली. "खालचं चाक कुणीतरी फिरवल्याशिवाय सुई सरकत नाही. कुणी फिरवलं?"

"मी कशाला फिरवू," सासूबाई म्हणाल्या. "मला ते चाक कुठं आहे तेही माहीत नाही."

"माझ्याकडे बघू नका," थोरली म्हणाली.

दादा खाकरले. "मीच लावतो तो रोज. सकाळी अंघोळीच्या आधी. वाफेनं त्याची स्प्रिंग आखडते, वजन कमी दाखवायला लागतो. मग लावून घेतो."

"कशावरून लावता?" चिमटीनं विचारलं. धाकट्यानं खुर्ची पुढे केली, ती तिनं पायानं मागे सारली. "खालून वजनं आणता का वर?"

"वजनं कशाला हवीत?" दादांच्या आवाजात अजूनही तोच ठामपणा होता, पण शेवटी थोडा सैल झाला. "माझं वजन बहात्तर आहे. वीस वर्षं बहात्तरच आहे. मी उभा राहतो, बहात्तर येईपर्यंत चाक फिरवतो."

आता हसावं की रडावं हे चिमटीला समजेना. ज्या माणसानं सरकारी शिक्क्याशिवाय एक काटा विकला नाही, तो रोज पहाटे टॉवेल गुंडाळून स्वतःलाच प्रमाण वजन म्हणून काट्यावर चढवत होता. ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात झालीच नसती. दुसऱ्या घरात काटा कमी दाखवतो म्हटल्यावर माणूस म्हणाला असता, अरे वा, मी बारीक झालो.

"दादा, तुम्ही बारीक झालायत," ती म्हणाली.

"मी? काहीतरीच."

"घरात तेल नाही, तळण नाही. तुम्हीच म्हणालात."

"तुमच्या पँटी मी दोनदा आत घेतल्यात," थोरली मान वर न करता म्हणाली. "तुम्ही म्हणालात धुण्यानं सैल होतात."

"खाली चला," चिमटी म्हणाली. "मोठ्या काट्यावर. आत्ता."

"जेवणं तरी होऊ देत," सासूबाई म्हणाल्या.

"तुमची होऊ देत. माझं कधीच झालं नाही."

जिना उतरताना तिनं कुणाला हात लावू दिला नाही. प्रत्येक पायरीवर बसायचं, पाय पुढे टाकायचा, घसरायचं, असं करत ती उतरली. मध्ये एकदा डबा मागितला. धाकटा डबा घेऊन मागेच होता. तिनं त्यात कडू पाणी ओकलं, तोंड पुसलं आणि पुढच्या पायरीवर बसली. धाकटा हलक्या आवाजात म्हणाला, "उचलून नेऊ का?"

"उचलून नेणाऱ्यानं आधी टेबलावर तोंड उघडायचं असतं," ती म्हणाली. त्याला ते लागलं, आणि लागावं म्हणूनच ती बोलली होती.

कारखाना रविवारचा बंद होता. तेल, ओतीव लोखंड आणि पितळेच्या पॉलिशचा वास एकदम अंगावर आला आणि तिनं गाऊनची बाही नाकावर दाबली. दाराजवळ पोती तोलायचा मोठा काटा होता. मागच्याच पंधरवड्यात त्याला शिक्का लागला होता. जेवणं टाकून सगळे खाली आले होते. आत्या तर हात न धुताच.

"रिकामा," चिमटी म्हणाली.

"शून्य," धाकट्यानं वाचलं. या वेळी त्याचा आवाज पुरता आला.

"वीसचं वजन ठेव."

त्यानं कडी धरून वीस किलोचं प्रमाण वजन काट्यावर ठेवलं. "वीस."

"अजून एक."

"चाळीस."

"काढ दोन्ही."

हे सगळं न करताही चाललं असतं, पण चिमटीला आता कुणाला पळवाट ठेवायची नव्हती. ती काट्यावर चढली आणि हात बाजूला सोडून उभी राहिली. तिला माहीत होतं की ती फार वेळ उभी राहू शकणार नाही. तरी तिनं काट्याच्या खांबाला हात लावला नाही. खांबाला हात लावला तर आकडा चुकतो.

धाकटा वाचायला वाकला आणि सरळ होताना त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "अठ्ठेचाळीस. त्याच्याही जरा खाली."

"आता दादा."

"माझा काय संबंध?" दादा म्हणाले.

"तुम्ही चढा. नाहीतर संध्याकाळपर्यंत घरात म्हणतील की हा काटाही बिघडलाय."

दादांनी चप्पल काढली. खिशातल्या किल्ल्या काढून थोरलीकडे दिल्या. काट्यावर चढले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. आकडा कुणी मोठ्यानं वाचला नाही. त्यांनी स्वतःच वाकून पाहिला. अडुसष्ट. ते उतरले, पण चप्पल घालायचं विसरले. धंद्यात त्यांनी कितीतरी माणसांना तोंडावर खोटं पाडलं होतं, मापात पाप करणाऱ्या दुकानदारांना रस्त्यावर उभं केलं होतं. आज अनवाणी उभं राहून त्यांना सुनेकडे बघवेना.

"पोरी," ते म्हणाले, "मी तुझं वजन रोज वाढवून ठेवत होतो."

"माहीत नव्हतं तुम्हाला."

"माहीत नसणं हा आपल्याकडे बचाव नाही." ते धाकट्याकडे वळले. "गाडी काढ."

झालं, असं वाटलं चिमटीला. पण सासूबाई अजून जिन्याच्या शेवटच्या पायरीवर होत्या, आणि त्यांनी अजून हार मानली नव्हती. जी बाई आयुष्यभर प्रत्येक दुखणं दात खाऊन सोसत आली, तिला एका आकड्यानं गप्प करणं सोपं नसतं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "राईचा पर्वत नको. आज रविवार, दवाखान्यात एक कोणीतरी शिकाऊ असेल. उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंना फोन करू. एका रात्रीत काय होतंय? सगळ्या बायका यातून जातात. मी काढलं. थोरलीनं काढलं, एक शब्द न बोलता."

"एक शब्द न बोलता," आत्यांनी मान डोलावली.

"मी बोलले होते," थोरली म्हणाली.

ती अजून दादांच्या किल्ल्या हातात धरून उभी होती. तिचा आवाज चढला नव्हता, उलट नेहमीपेक्षा खाली होता, म्हणून सगळे वळले.

"पहिल्या खेपेला मी त्या पॉलिशच्या टेबलाशी बसायचे. टेबलाखाली रंगाचा रिकामा डबा ठेवलेला असायचा माझा. पॉलिशच्या वासानं ओकायचे आणि पुन्हा पारडी घासायचे. तुम्हाला सांगितलं होतं, आई. तुम्ही म्हणालात, कामात विसरशील. मी विसरले नाही. मला वाटलं मीच नाजूक आहे, माझ्यातच काहीतरी कमी आहे. ते मी इतकी वर्षं धरून बसले."

"मला काय माहीत तुझं एवढं होतं," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही विचारलं कुठं?"

सासूबाईंनी कठड्याला हात लावला. थोरली आता चिमटीकडे बघत होती, आणि पुढचं बोलणं तिला जड गेलं ते सगळ्यांना दिसलं. "आणि तुझा मला राग यायचा. तुला दवाखान्यात नेलं तर माझं सगळं सोसणं फुकट गेलं, असं वाटायचं. कसला घाणेरडा विचार आहे तो. आज तू तो काटा ताटांत आणून आदळलास ना, तेव्हा वाटलं, हे मी करायला हवं होतं. माझ्यासाठी."

चिमटी काट्याच्या कडेवरच बसली. थोरली पुढे आली, तिच्या काखेत हात घातला आणि धाकट्याला म्हणाली, "तू गाडी काढायला गेला नाहीस अजून?"

धाकटा पळाला.

"मीही येते," सासूबाई एकदम म्हणाल्या.

"तुम्ही कशाला, आई," थोरली म्हणाली. "तुम्हाला पटलेलं नाही."

"पटलं की नाही ते मी बघेन. माझी चप्पल द्या."

गाडीत चिमटी थोरलीच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. थोरलीनं साबणाचा वास नसलेलं, नुसतं पाण्यात पिळलेलं फडकं तिच्या कपाळावर धरलं होतं. खिडक्या उघड्या होत्या. सासूबाई पुढे बसल्या होत्या, ताठ. दर वळणाला चिमटी डब्यात ओकत होती, आणि प्रत्येक वेळी पुढच्या सीटवरचं ते डोकं किंचित मागे वळायचं आणि पुन्हा पुढे व्हायचं. घरात त्यांनी हे कधी जवळून पाहिलं नव्हतं. चिमटी बाथरूमचं दार लावून घ्यायची, आणि बाहेर येईपर्यंत नळ सोडून सगळं धुतलेलं असायचं.

दवाखान्याच्या दारात एक उंच टेबल, त्यामागे एक थकलेला कारकून, समोर बाकं भरलेली. हात मोडलेला मुलगा, खोकणारे आजोबा, एक बाई रडतेय. धाकटा टेबलाशी गेला आणि त्याचा आवाज पुन्हा अर्ध्यावर आला.

"माझ्या बायकोला उलट्या होतायत. गरोदर आहे. वजन सात किलोनं उतरलंय."

कारकुनानं मान वर करून पाहिलं. चिमटी थोरलीच्या खांद्यावर कलंडून उभी होती. तिचं डोकं थोरलीच्या मानेत होतं, त्यामुळे तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता. "कितवा महिना?"

"तिसरा."

"तिसऱ्यात होतंच हो. सगळ्यांनाच होतं." तो वाईट माणूस नव्हता, नुसता दमलेला होता. "बाकावर बसवा. नंबर आला की बोलावतो. लिंबाचं सरबत द्या तोवर थोडं."

धाकटा वळला. त्याच्या तोंडावर ते ओळखीचं हरलेपण होतं. थोरलीनं तोंड उघडलं, चिमटीनंही उघडलं. आवाज फुटला नाही तर आपण इथंच फरशीवर बसू पण बाकावर जाणार नाही असं तिनं ठरवलं होतं. पण त्या दोघींच्या आधी कुणीतरी त्यांना बाजूला सारून टेबलाशी पोचलं.

सासूबाईंनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. घरातली दुखणी गप्प बसवायचा त्यांचा जो आवाज होता, जो आजवर घराबाहेर कधी आला नव्हता, त्याच आवाजात त्या बोलल्या.

"लघवी झाली नाहीय तिला काल रात्रीपासून. पाण्याचा थेंब राहत नाही. सलाईन लावायला खाट द्या, आत्ता."

"अहो आजी, मी म्हटलं ना, सगळ्यांनाच होतं हे."

"ते वाक्य मला ऐकवू नका," सासूबाई म्हणाल्या. "मी ते दोन सुनांना ऐकवून इथं आलेय."

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, मग चिमटीकडे नीट पाहिलं, आणि खुर्ची मागे सारून आतल्या दारातून नर्सला हाक मारली.